थोरल्यांचे श्वास

४ मार्च

चि. कात्रीस,

मामाचे आशीर्वाद. मागच्या पत्रातले वापरून संपले नसतील तर तेही यात मिळव.

तुझे गायक, तुम्हा सगळ्यांचे थोरले, गेल्याचं मला जिन्यात कळलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्र काखेत मारून खाली येत होते. म्हणाले, "गेला तो पिऊन गाणारा." मी विचारलं, "कोण?" खरं तर मला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. पण ज्या माणसाच्या गाण्यावर अर्धा मुलूख लग्नात नाचला आणि उरलेला अर्धा लग्न मोडल्यावर रडला, त्याची ओळख इतक्या काटकसरीने करून दिलेली मला मान्य करायची नव्हती.

तू गेली कित्येक वर्षं त्यांची गाणी सांधतेस. नक्की काय करतेस ते मला अजून समजलेलं नाही. मी लोकांना सांगतो, माझी भाची गाणी शिवते. तर शिवणारीचं आज काय झालं असेल, ह्या विचाराने मी वर्गात एकच श्लोक दोनदा शिकवला. विद्यार्थी पाच, त्यांतले दोन पंख्याखाली बसायला येतात. कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरात वातावरण ठीक नाही. तुझी मामी म्हणजे त्यांची जुनी भक्त. जानेवारीतल्या त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला ती मैत्रिणींबरोबर गेली होती, हे तुला माहीत आहेच. दुसऱ्याच गाण्यात ते मधे मधे थांबायला लागले, तोंड फिरवायला लागले, आणि शेवटी उठून चालते झाले. उतरताना पायरीवर झोक गेला. सभागृह ओरडलं. मामीही ओरडली, काय ओरडली ते सांगत नाही. काल मी म्हणालो, "अगं, आता माणूस गेला." तर म्हणाली, "गेला म्हणून काय झालं? मेल्याने माणूस शुद्धीवर येतो का?"

मी चहा करायला उठलो.

आता एक विचारतो. त्या दिवशी ते खरंच प्यायले होते का? सांगायचं नसेल तर सांगू नकोस. पण सांगायचं नाही एवढं तरी लिही, म्हणजे अंदाज करायला माझी हरकत राहणार नाही.

तुझा,
मामा

---

९ मार्च

प्रिय मामा,

तुझं अक्षर बघून बरं वाटलं, मजकूर वाचून नाही.

प्यायले नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी सोडली होती त्यांनी. फुफ्फुसं गेली होती, मामा. गेल्या पावसाळ्यापासून जिना चढला की बसावं लागायचं. हे त्यांची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी, डॉक्टर, ठेका धरणारे ठेकेकाका आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होतं. थोरल्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "तोंड बंद ठेवायचं. लोकांना राग आला तर चालेल. भांडायला येणारा रिकाम्या हाताने येतो. कीव करायला येणारा केळी घेऊन येतो आणि ती घरात कुजतात." मी हसले आणि हो म्हणाले. आता तुला सांगितलं, म्हणजे शब्द मोडलाच; पण तू मामीला सांगायचं नाहीस. शपथ घाल स्वतःला.

आता माझ्यापुढचा पेच. पण आधी मी काय करते ते एकदाचं समजून घे. गाणारा ओळीच्या आधी श्वास घेतो. तो माझ्या पडद्यावर दिसतो, आवाजाच्या डोंगराआधी एक बारीकशी केसाळ अळी. ती मी उचलून टाकते. आमच्याकडे ह्या कामाला 'अळ्या वेचणं' म्हणतात. दुसरे गायक म्हणतात एखादी राहू दे, जिवंत वाटतं. थोरल्यांना एकही चालायची नाही. "श्वास ही घरातली गोष्ट आहे, पाहुण्यांपुढे आणायची नाही." म्हणून त्यांच्या कुठल्याच गाण्यात श्वास नाही. लोक म्हणायचे ना, हा माणूस दम घेतच नाही, दैवी देणगी आहे? ती देणगी मी वेचायचे.

त्या गोंधळानंतर, फेब्रुवारीत, त्यांनी एक शेवटचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. खुर्चीत बसून, काचेचं दार लावून, फक्त ठेकेकाकांना बरोबर घेऊन. त्यात अळ्या नाहीत, मामा, अजगर आहेत. प्रत्येक ओळीआधी इतका मोठा, फाटका श्वास, की मी कानावरचं यंत्र काढून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

श्वास काढले तर गाणं स्वच्छ निघेल. लोक म्हणतील, बघा, शुद्धीत होता तेव्हा किती छान गायला, म्हणजे त्या दिवशी प्यायलाच होता. ठेवले तर सगळ्यांना कळेल माणूस कशाने थांबत होता. पण मग मी त्यांच्या घरातली गोष्ट चौकात नेली. कंपनीच्या साहेबांना स्वच्छ हवंय. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं तसंच कर. दारुडा म्हणून मेले तर मेले, बिचारा म्हणून नको." महिनाअखेरीला गाणं द्यायचं आहे.

बसवत नाही. उठवतही नाही. लवकर लिही.

तुझी,
कात्री

---

१४ मार्च

चि. कात्रीस,

आशीर्वाद, आणि ह्या वेळी घाईने, कारण मी अस्वस्थ आहे आणि अस्वस्थ माणसाचे आशीर्वाद गार होतात.

शपथ घातली. पाळणं किती कठीण आहे ह्याची तुला कल्पना नाही. काल मामी भाजी चिरता चिरता म्हणाली, "कला मोठी असली म्हणून माणूस मोठा असतो असं नाही." वाक्य उत्तम होतं. ज्याला लागू केलं तो माणूस चुकीचा होता, आणि मी समोर बसून कोथिंबीर निवडत होतो. माझ्या पोटात आजवर फक्त औषध राहिलंय, गोष्ट राहिलेली नाही.

माझं मत विचारशील तर श्वास ठेव. सत्य आहे, उघड कर. लोकांना एकदा ते फाटके श्वास ऐकू देत. ज्यांनी ज्यांनी आरडाओरडा केला त्यांची मान खाली जाऊ दे. वहिनी दुःखात आहेत. दुःखात माणूस गेलेल्याचं ऐकतो, कारण जिवंत असताना ऐकलेलं नसतं.

शिवाय विचार कर. जुने लोक मानत, की माणूस येताना वर्षं मोजून आणत नाही, श्वास मोजून आणतो. मग तू आजवर त्यांचे किती वेचून फेकलेस? वर गेल्यावर कुणीतरी चौकशीला येईल हो. आणि लोकांचा तरी काय दोष? तू त्यांना इतकी वर्षं श्वास न घेणारा माणूस दाखवलास. एक दिवस त्याने श्वास घेतला, तर त्यांना वाटलं, झिंगलाय.

हे गमतीने घे. पण उत्तर गमतीने देऊ नकोस.

तुझा,
मामा

---

२ एप्रिल

चि. कात्रीस,

तुझं पत्र नाही. आधी मला वाटलं टपालाचा दोष. मग माझ्या पत्राची मनातल्या मनात उजळणी केली आणि टपाल निर्दोष सुटलं.

चौकशीला येईल हो, असं मी लिहिलं होतं. लिहिताना ते चुरचुरीत वाटलं होतं. आमच्या धंद्यात हा रोग आहे. एखादं वाक्य जमलं की ते कुणाच्या अंगावर पडतंय हे दिसत नाही. तू त्यांच्या सांगण्यावरून काम केलंस, जीव लावून केलंस, आणि मी तुला सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. जिन्यातल्या गृहस्थांनी चार शब्दांत जे केलं तेच मी चार ओळींत केलं. मला संस्कृत येतं, एवढाच फरक.

गेले काही दिवस घरात फेऱ्या मारतोय. मामी म्हणते, "बसा हो, फरशी झिजली." डॉक्टरांनी सांगितलेला प्राणायाम करायला बसतो. ऋषींनी सांगितला होता तेव्हा केला नाही, रक्तदाबाने सांगितल्यावर करतोय. डोळे मिटले, श्वास आत घेतला, की वाटतं हा फुकट मिळालेला आहे; कुणी पडद्यावर बघत नाहीये, कुणी ओरडत नाहीये. मग पुढचा घेववत नाही. मन शांत करायचा उपाय आणि मीच त्याला अस्वस्थतेचं कारण केलं.

एक कबूल करायला हवं. मी तुला 'सत्य उघड कर' म्हणालो ते थोरल्यांच्या प्रेमाने नव्हे. मला मामीशी वादात जिंकायचं होतं. जिन्यातल्या गृहस्थांचं तोंड बघायचं होतं. एका मेलेल्या माणसाच्या फुफ्फुसांचा मी पुरावा करायला निघालो होतो, आणि त्याला करुणा म्हणत होतो.

आमचे गुरुजी एकदा म्हणाले होते, दुसऱ्याच्या दुःखाकडे बघताना स्वतःच्या मानेकडे लक्ष ठेव. मान खाली वळली तर ती कीव. समोर राहिली तर करुणा. मी तेव्हा सोळा वर्षांचा आगाऊ होतो. विचारलं, "आणि वर वळली तर?" ते म्हणाले, "मग तुला काहीच दिसत नाहीये, तू भक्त झालास." मामी वर बघत होती. मग एकदम खाली बघायला लागली. समोर बघायला कुणालाच सवड झाली नाही. थोरल्यांनीही ती दिली नाही, म्हणा.

म्हणून माझा सल्ला मागे घेतो. काय करायचं ते तू ठरव. श्वास काढलेस तरी मी तुला काही म्हणणार नाही, ठेवलेस तरी. गाणं दिलंस का? निदान जेवतेस एवढं तरी कळव.

तुझा,
मामा

ता. क. मामी विचारत होती, पोरीचं पत्र का नाही. मी म्हणालो, कामात आहे. ती म्हणाली, "त्याचंच काम असेल. रडू नको म्हणावं." बघ, एवढं ती म्हणाली.

---

८ एप्रिल

प्रिय मामा,

जेवते. डबा परत न्यायला विसरते, एवढंच.

रागावले होते, खोटं कशाला सांगू. तू चुकीचं लिहिलंस म्हणून नाही. तेच मला स्वतःला म्हणायचं होतं आणि तू आधी म्हणून टाकलंस. जानेवारीत मी सभागृहात मागे यंत्रापाशी होते. लोक ओरडायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ह्यांनी ह्या माणसाला श्वास घेताना कधी ऐकलेलंच नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मी ठरवून टाकलं होतं. त्यांना दिलेला शब्द पाळायचा. मन घट्ट केलं आणि वेचायला बसले. एकेक श्वास धरून काढला, कडा जुळवल्या. चांगलं काम केलं मी, मामा. सांधा कुठे कळणार नाही.

मग ऐकलं. आवाज सुंदर. पण गाणं लंगडत होतं. ठेका ओळीच्या शेवटी येऊन उगाच थांबायचा, जागच्या जागी दोनदा हलकेच वाजायचा, मग पुढे जायचा. दर वेळी थांबणं कमीजास्त. यंत्राचा दोष म्हणून मी तपासत बसले. ठेकेकाका म्हणजे घड्याळ. चाळीस वर्षांत त्यांची मात्रा हललेली नाही.

शेवटी त्यांना बोलावलं. वहिनींनाही, कारण देण्याआधी त्यांनी ऐकावं अशी माझी इच्छा होती. ठेकेकाका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. दुसऱ्या कडव्याला ते उठलेच.

"बंद कर. इथं मी का थांबलोय?"

मी म्हटलं, "तुम्हीच थांबलाय, काका. मी ठेक्याला हात लावला नाही."

"मी थांबलो ते दिसतंय गं. कशासाठी थांबलो ते कुठंय? तो श्वास घेत होता तोवर मी त्याच्यासाठी दार धरून उभा होतो. तू त्याला गायब केलंस आणि मला दारात ठेवलंस. लोक म्हणतील म्हातारा झाला, मात्रा विसरला. त्याला दारुडा म्हणाले, आता मला खुळा म्हणतील."

"तुमच्या नावाची काळजी पडलीय काका तुम्हाला?"

"मग? त्याचं नाव तर गेलं. माझं तरी राहू दे की."

आणि मामा, वहिनी हसल्या. थोरले गेल्यापासून पहिल्यांदा. डोळे पुसत हसत होत्या. मग म्हणाल्या, "मूळचं लाव." मी श्वासांसकट लावलं. त्या पुढे वाकून बसल्या, हात गुडघ्यांवर. मी गाण्याकडे नाही, त्यांच्याकडेच बघत होते. प्रत्येक फाटक्या श्वासाखाली तो ठेका, हलका, जणू पाठीवर हात ठेवावा तसा. थोरल्यांना गाठत नव्हता, मागे टाकत नव्हता. मी इतक्या वेळा ऐकलं आणि मला फक्त धाप ऐकू आली होती. धापेखालचं हे ऐकू आलंच नव्हतं.

संपल्यावर वहिनींनी ठेकेकाकांकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "श्वास त्यांचे होते, ते कापा म्हणायचा त्यांना हक्क होता. पण थांबणं ह्यांचं आहे. ते कापायचा हक्क त्यांनाही नाही आणि मलाही नाही. असंच दे."

कंपनीच्या साहेबांशी वहिनीच बोलल्या. साहेब म्हणाले, "बाई, धापा टाकणारं गाणं कोण ऐकेल?" वहिनी म्हणाल्या, "मी ऐकलं. पुढे बोला." साहेबांनी मान्य केलं. एकच अट वहिनींनी घातली, आजाराचा उल्लेख कुठेही नको. ना वेष्टनावर, ना मुलाखतीत. ज्याला जे ऐकू येईल ते येऊ दे.

तेव्हा तुझी शपथ चालू आहे. मामीला सांगायचं नाही.

तुझी,
कात्री

---

२९ एप्रिल

प्रिय मामा,

गाणं बाहेर आलं. तू वाचलं असशीलच, तरी तुला करमणूक म्हणून लिहिते.

एका गृहस्थांनी लिहिलंय, "शेवटपर्यंत सुटली नाही, धापाच सांगतात." एकाने कंपनीकडे तक्रार केली, की गाण्यात मधे मधे दुसरं कुणीतरी श्वास घेतंय, तो आवाज काढून द्यावा. एका समीक्षकाने त्यात नवी शैली शोधली. ती म्हणे परदेशी आहे. काही लोक रडले असं लिहितात, पण कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही. वहिनींकडे कुणीतरी केळी पाठवली. त्यांनी ती ठेकेकाकांना दिली.

मला वाटलं होतं, लोक ऐकतील आणि सगळं एकदम उलटेल. उलटलं नाही. जे जिथे होते तिथेच आहेत, थोडे हलले एवढंच. मी मात्र नीट झोपते. कोणी वाईट बोललं तरी जाऊन सांगावंसं वाटत नाही.

आता नव्या गायिकेचं काम आलंय. ती म्हणाली, "माझे श्वास काढा हं सगळे." मी म्हटलं, "आधी तुमच्याबरोबर वाजवतं कोण, त्याला भेटू दे."

मामीने ऐकलं का? विचारायला भीती वाटते, म्हणून पत्राच्या शेवटी विचारते.

तुझी,
कात्री

---

६ मे

चि. कात्रीस,

आशीर्वाद. ह्या वेळी ताजे आहेत.

मामीने ऐकलं नव्हतं. "ऐकायचं नाही" असं न विचारता दिवसातून दोनदा सांगत होती, त्यावरून मी ओळखलं की फार दिवस तग धरणार नाही. मी विषय काढला नाही. तुझी शपथ जिभेवर इतकी जड झाली होती की परवा वर्गात बोलताना अडखळलो. पंख्याखालच्यांपैकी एकाने मान वर करून पाहिलं. त्याच्या शिक्षणातली ती पहिली खूण.

काल रविवार. मामी बहिणीकडे निघाली होती. चप्पल घातली, पिशवी घेतली, दार उघडलं, आणि म्हणाली, "लावा बघू ते. ह्या खेपेला तरी शुद्धीवर होते का, एवढंच बघते." दारातच उभी राहिली, बसायचं नाही ह्या निश्चयाने.

मी लावलं. पहिला श्वास आला. मामी माझ्याकडे वळून विजयाने म्हणाली, "ऐकलंत?" मी म्हणालो, "ऐकलं."

दुसरा श्वास आला तेव्हा तिने मान परत फिरवली. तिसऱ्याला तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. कडवं संपलं, पुढचं सुरू झालं, आणि मी बघितलं, ओळ संपत आली की हिचे खांदे वर जायचे. तिकडे ते श्वास घ्यायचे, इकडे ही. तो ठेका थांबायचा, तशी हीही थांबायची. इतक्या वर्षांच्या संसारात मी हिला कुणासाठी एवढं थांबलेलं पाहिलं नाही, आणि माझ्यासाठी ही पुष्कळदा थांबलीय. वर बघत नव्हती, खाली बघत नव्हती. समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होती. दार उघडंच होतं. जिन्यातून ते निवृत्त गृहस्थ गेले. हिला नमस्कार केला, हिने घेतला नाही.

आणि मला राहवलं नाही, कात्री. वाटलं, आता सांगून टाकावं. फुफ्फुसं, जिना, काचेचं दार, सगळं. तिचं ओझं उतरेल आणि माझंही. शपथ तर शपथ, म्हटलं. दोन ओळींच्या मधल्या जागेत मी तोंड उघडलं, "अगं, खरं म्हणजे त्यांना त्या दिवशी—"

तिने माझ्याकडे न बघता हात वर केला.

"गप्प बसा हो जरा," ती म्हणाली. "त्यांना दम तर घेऊ द्या."

तुझा,
मामा